लखनौहून: निकालानंतरचं कोण बघतं?

मी लखनौच्या चौकात राहते हे कळलं की पुण्या-मुंबईच्या माणसांचा दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला. "तिकडे घटस्फोट झालेल्या बायकांचे फार हाल ना गं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बुरखा, मौलवी आणि एका दमात तीनदा म्हटलेला तलाक असतो.

तर आधी थोडी झाडझूड. गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा या पट्ट्यात खत्री आणि रस्तोगी घरंही पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, आणि घटस्फोट त्यांच्याकडेही होतात. मुसलमानांत शिया पुष्कळ, आणि शियांच्या कायद्यात एका दमातला तलाक कधीच ग्राह्य नव्हता. दोन साक्षीदार समोर लागतात. सुन्नींमधली ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी मोडीत काढली आणि २०१९च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला याच प्रश्नावर मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला होता, याचा आपल्याला कोण अभिमान! त्या सातजणींच्या मागे आपल्यातले किती चालत होते, हे मात्र कुणी विचारू नये.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तलाक कसा झाला यावर सगळ्या देशाला मत आहे. झाल्यावर त्या बाईला झोप लागते का, यावर कुणालाच नाही.

माझ्या घरमालकीणबाईंना अख्खी गल्ली बाजी म्हणते. त्यांची भाची चिकनकारीत मुर्रीचं बारीक काम करते. तिने स्वतः खुला मागून घेतला, म्हणजे नवऱ्यापासून सुटका तिने मागितली. (हेही तिकडे फोनवर सांगितलं की क्षणभर शांतता पसरते.) खुला झाला, इद्दतचे, म्हणजे थांबायचे, साधारण तीन महिने सरले, आणि पोरीची छाती धडधडू लागली. रात्र रात्र जागी. बाजींनी आधी तावीज आणला, मग हकिमांचा माजून, मग तिला 'लारी'ला नेलं. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ चौकाला लागूनच आहे आणि त्याच्या हृदयविकार विभागाला सगळं शहर नुसतं लारी म्हणतं. ईसीजी स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांनी पर्च्यावर मानसिक रोग विभागाचं नाव लिहून दिलं. परतताना बाजींनी रिक्षातच फर्मान काढलं, "बिटिया, मोहल्ले में कहना गैस है."

हे मी कोथरूडच्या मैत्रिणीला रंगवून सांगितलं. ती खूप हसली, आणि मग म्हणाली, "थांब, माझी वेळ झाली." तिचाही घटस्फोट झालाय. दर आठवड्याला ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बसते आणि मोबाइलवर थेरपिस्टशी बोलते. घरात आई असते, आणि आईला सांगितलंय की ऑफिसचा कॉल आहे. ताशी पैसे मोजून, इंग्रजीत. आईशी मराठीत बोलता आलं असतं तर पैसे वाचले असते, असं तीच म्हणते. मग मागासलेलं कोण? गॅस म्हणणारा मोहल्ला की ऑफिसचा कॉल म्हणणारी सोसायटी?

आपल्याकडे सोयी आहेत, नाही असं नाही. मुंबई पोलिसांबरोबर टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. संगमनेरहून निशा शिवूरकरांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून उभी आहे. पण ठाण्याच्या आधी चाळीस वर्षं, १९५०मध्ये, स्टॅन्ले जोन्स या अमेरिकन मिशनऱ्याने इथे लालबागेत नूर मंजिल हे मनोविकार केंद्र काढलं होतं. आपल्याकडे येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव घेतलं की माणसं हळू आवाजात बोलत, त्या काळात! आणि हे शहर म्हणे नबाबी झोपेत.

कौटुंबिक न्यायालयाचं मात्र इकडून तिकडे सारखंच. १९८४च्या कायद्याचा हेतूच समेट घडवणं, त्यामुळे समुपदेशक मिळतो तो लग्न वाचवायला. महिला ठाण्यातही तेच, मौलवींकडेही तेच: एकदा आणखी विचार कर, मुलांकडे बघ. दिवाणखान्यात मामाही हेच सांगतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. हुकूमनामा हातात पडला की सगळे आपापल्या टेबलाकडे वळतात. लग्न टिकवायला एवढी माणसं आणि मोडल्यावर सावरायला एकही नाही, यात लखनौ-पुणे असा भेद मला तरी दिसला नाही.

भेद दिसला तो मोहरममध्ये. इथली अजादारी, म्हणजे इमाम हुसेनचा शोक, सव्वादोन महिने चालते, थेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या नाजिम साहेबांच्या इमामबाड्यातून चुप ताजिया निघेपर्यंत. घरोघरी बायकांच्या मजलिसी, म्हणजे शोकसभा, होतात. बाजी मला ओढून घेऊन गेल्या. करबलाचं वर्णन सुरू झालं तशी भाची जी रडायला लागली, ती हमसाहमशी. शेजारची बाई तिच्यापेक्षा मोठ्याने. कुणी "गप बाई" म्हणेना, कुणी पाण्याचा पेला पुढे करेना, कुणी कारण विचारेना. इमाम हुसेनसाठी किती आणि स्वतःसाठी किती, हा हिशेब तिथे कुणी मागत नाही. आमच्या सदाशिव पेठेत घटस्फोट झालेली बाई चारचौघांत अशी रडली असती तर सात घरांत तिची चर्चा झाली असती. मला सरळसरळ हेवा वाटला.

तो फार टिकला नाही. मजलिस संपली, तबर्रुक, म्हणजे प्रसाद, वाटला गेला, आणि जिच्या खांद्यावर भाचीने डोकं टेकलं होतं त्याच खालाने, म्हणजे मावशीने, विचारलं, "लड़का देखें?" बिजवर आहे, दुबईत आहे, सुन्नी नाही. सोबत अशी की श्वास घ्यायला जागा नाही. तिला एकटीला बसायचं असेल तर न्हाणीघर, तेही कुणी दार वाजवेपर्यंत. मानसिक रोग विभागात जायच्या दिवशी बाजी बरोबर जातात, आणि डॉक्टरांसमोर आधी स्वतःचे गुडघे काढतात. बाहेर रांग एवढी की उरलेल्या वेळात पोरीच्या वाट्याला गोळ्यांची चौकशी येते.

मी तिला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. ऑक्टोबर २०२२पासून देशभर चालू आहे, पैसे पडत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येतं. आता ती संध्याकाळी पतंगबाज पोरं उतरली की गच्चीवर जाते. बाजी विचारतात, ऊपर इतनी देर? ती म्हणते, कपड़े सूखे नहीं थे.

कोथरूडवालीला हे कळवल्यावर तिने पुढच्या मोहरमला इकडे यायचं ठरवलंय. तिला मजलिसीला बसायचंय, आईलाही आणायचंय. मी म्हटलं, खुशाल ये, फक्त गाडी आणू नकोस. चौकात पार्किंग नाही.