लहान हस्तकलावस्तूंच्या छायाचित्रांसाठी कॅमेरा कोणता? किमतीआधी पाहावयाच्या गोष्टी

भिलाई-३ (छत्तीसगढ) : हाताने घडविलेली लहान वस्तू दूरच्या ग्राहकाला विकायची असेल, तर तो ती वस्तू हातात घेण्यापूर्वी तिचे छायाचित्र पाहतो. त्यामुळे कारागिरांच्या कुटुंबांत आणि बचत गटांत 'चांगला कॅमेरा घ्यावा का' हा प्रश्न आता वारंवार पुढे येतो. महागडा कॅमेरा कर्जाने घेतला आणि छायाचित्रे तरीही धूसर आली, तर हप्ता मात्र प्रत्येक महिन्याला भरावाच लागतो. लहान वस्तूंच्या छायाचित्रणाची तांत्रिक गरज नेमकी किती, हे आकड्यांत पाहिले तर ती बहुतेकांच्या समजुतीपेक्षा बरीच कमी असल्याचे दिसून येते.

भिलाईची ओळख पोलादाची आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यामुळे देशाच्या अनेक भागांतील, त्यांत मराठी भाषक कुटुंबेही, येथे स्थायिक झाली. भिलाई-३ ही वस्ती मुंबई-हावडा लोहमार्गालगत असून भिलाई-चरोदा महानगरपालिकेच्या क्षेत्रात येते. ज्या राज्यात देशाच्या रेल्वेसाठी लांबलचक रूळ तयार होतात, त्याच राज्यात बस्तरचे लोहार तापविलेले लोखंड हातोडीने ठोकून वीतभर उंचीचे दिवे, हरणे आणि मानवाकृती घडवितात. बस्तरचा घडवा समाज आणि रायगढ जिल्ह्यातील एकताल येथील झारा कारागीर ढोकरा पद्धतीच्या मूर्ती करतात. बस्तरच्या ढोकरा कलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

ढोकरा मूर्ती घडविताना मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळले जातात, त्यावर पुन्हा माती लिंपली जाते आणि भट्टीत मेण वितळून गेलेल्या पोकळीत धातूचा रस ओतला जातो. धाग्यांची ती नक्षी मूर्तीच्या अंगावर कायम राहते. ग्राहक पैसे मोजतो तो या नक्षीसाठी. छायाचित्रात ती दिसली नाही, तर हातची मूर्ती आणि यंत्रावर काढलेली नक्कल यांतील फरक पडद्यावर उरत नाही आणि कारागिराला भावही मिळत नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा गडचिरोली-चंद्रपूरकडील बांबूच्या वस्तू यांनाही हेच लागू पडते.

मेगापिक्सेलचा हिशेब

दुकानात कॅमेरा विकला जातो तो प्रामुख्याने मेगापिक्सेलच्या आकड्यावर. प्रत्यक्ष गरज किती, हे विक्रीच्या जागेवरून ठरते. ॲमेझॉनसारख्या संकेतस्थळावर मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा आणि ग्राहकाला चित्र मोठे करून पाहता यावे यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेलची असावी, अशी अपेक्षा असते. १००० गुणिले १००० म्हणजे केवळ एक मेगापिक्सेल. ए-फोर आकाराच्या पानावर उत्तम दर्जाची छपाई करायची झाली, तरी सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. अलीकडच्या बहुतेक मोबाईल फोनचा मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेल किंवा त्याहून अधिक क्षमतेचा असतो. म्हणजे संकेतस्थळासाठी आणि साध्या माहितीपत्रकासाठी लागणारे पिक्सेल बहुतेक घरांत आधीच उपलब्ध आहेत.

अपवाद आहे तो स्वस्त फोनवरील वेगळ्या 'मॅक्रो' कॅमेऱ्याचा. तो बऱ्याचदा दोनच मेगापिक्सेलचा असतो आणि त्याची भिंग-रचनाही साधारण असते. केवळ त्या शब्दासाठी फोन निवडणे योग्य नाही. मुख्य कॅमेऱ्याने थोडे दूर राहून छायाचित्र घ्यावे आणि कडेचा अनावश्यक भाग नंतर कापावा, हे अधिक चांगले ठरते.

फोन वस्तूच्या अगदी जवळ नेण्यात आणखी एक अडचण आहे. फोनचे भिंग रुंद कोनाचे असते. ते जवळ नेल्यास पुढचा भाग फुगलेला आणि मागचा आक्रसलेला दिसतो. मूर्तीचे नाक मोठे, पाय बारीक होतात. फोनमध्ये दुप्पट झूमची सोय असल्यास ती वापरून हातभर अंतरावरून छायाचित्र घेतल्यास वस्तूचे प्रमाण खरे दिसते. फोनचा संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, लहान असल्याने वस्तूचा पुढचा आणि मागचा भाग एकाच वेळी स्पष्ट येणे तुलनेने सोपे जाते. लहान वस्तूंच्या बाबतीत हा फोनचा गुणच आहे.

वेगळा कॅमेरा केव्हा?

दर महिन्याला अनेक नव्या वस्तूंची छायाचित्रे काढायची असतील, प्रदर्शनासाठी मोठी छपाई करायची असेल किंवा फोन घरातील सर्वांच्या वापरात असल्याने मोकळा मिळत नसेल, तर वेगळ्या कॅमेऱ्याचा विचार रास्त ठरतो. अशा वेळी मेगापिक्सेलऐवजी चार बाबी तपासाव्या लागतात : भिंग वस्तूच्या किती जवळून स्पष्ट पाहू शकते, प्रकाशाचे प्रमाण हाताने ठरविता येते का, रंगाचा समतोल हाताने बदलता येतो का आणि बटणाला हात न लावता छायाचित्र घेण्यासाठी टायमर आहे का.

पहिल्या बाबीचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होतो. कॅननच्या १५००डी या प्राथमिक दर्जाच्या कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे २२ मिलिमीटर रुंद असून त्याची क्षमता २४ मेगापिक्सेल आहे. त्याच्यासोबत मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग २५ सेंटिमीटर अंतरापर्यंत स्पष्ट पाहते आणि वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराच्या सुमारे एक तृतीयांश इतकी मोठी करते. याचा अर्थ, साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंदीची वस्तू पूर्ण चौकट भरते. दोन सेंटिमीटरचे कानातले ठेवले, तरी त्याच्या वाट्याला सुमारे १८०० पिक्सेल येतात. संकेतस्थळाच्या गरजेपेक्षा हे अधिकच आहे. निकॉनच्या याच वर्गातील कॅमेऱ्यांसोबतची साधी भिंगेही साधारण तेवढ्याच जवळून पाहतात. स्वतंत्र मॅक्रो भिंग नवीन घेतल्यास बहुतेकदा मोठा खर्च येतो. त्याची खरी गरज नखाएवढ्या वस्तू किंवा एखाद्या मण्यावरील कोरीव काम दाखविणाऱ्यांनाच भासते.

जवळून छायाचित्र घेताना स्पष्टतेची खोली मात्र झपाट्याने घटते. वरील कॅमेऱ्यात साडेसहा सेंटिमीटरची चौकट भरली आणि भिंगाचे छिद्र एफ/८ वर ठेवले, तर जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. हत्तीची सोंड स्पष्ट, कान धूसर, असे घडते ते यामुळे. तोच कॅमेरा थोडा मागे नेऊन चौकट बावीस सेंटिमीटर रुंद केली, तर ही खोली तीन सेंटिमीटरच्या पुढे जाते. म्हणून लहान वस्तूसाठी थोडे दूर राहावे, छिद्र एफ/८ ते एफ/११ दरम्यान ठेवावे आणि नंतर चित्र कापून घ्यावे. २४ मेगापिक्सेलचा खरा उपयोग येथे होतो.

छिद्र लहान केले की प्रकाश कमी आत येतो आणि कॅमेऱ्याचा पडदा अधिक काळ उघडा ठेवावा लागतो. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. त्यामुळे ट्रायपॉड ही चैन नसून खरेदीच्या यादीत कॅमेऱ्याच्याही आधी येणारी वस्तू आहे. फोनसाठीचा साधा ट्रायपॉड काहीशे रुपयांत मिळतो. तो वापरून, दोन सेकंदांचा टायमर लावून आणि आयएसओ १०० च्या आसपास ठेवून काढलेले फोनवरील छायाचित्र हातात धरलेल्या महाग कॅमेऱ्याच्या छायाचित्रापेक्षा बहुधा सरस येते.

प्रकाश आणि धातू

पितळ आणि काळे लोखंड या दोन्हींची छायाचित्रे अवघड असतात, पण कारणे वेगळी आहेत. पितळ भोवतालचे सर्व काही परावर्तित करते. थेट ऊन किंवा फ्लॅश पडला की त्यावर पांढरे डाग उमटतात आणि नक्षी नाहीशी होते. खिडकीतून येणाऱ्या उजेडापुढे पातळ पांढरे सुती कापड किंवा बटर पेपर लावला, तर हा प्रकाश मऊ होतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूस थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केल्यास सावलीचा भाग उजळतो. मूर्तीची कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत मिसळत असेल, तर चौकटीबाहेर काळ्या कागदाची पट्टी धरली की त्या कडेवर गडद रेघ उमटते आणि आकार उठून दिसतो. पावसाळ्यातील ढगाळ दिवस निराशाजनक वाटला तरी अशा कामाला तो अनुकूलच असतो.

लोखंडाच्या बाबतीत कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो. कॅमेरा समोरील दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. काळ्या वस्तूने चौकट भरली, तर तो प्रकाश वाढवितो आणि लोखंड राखाडी दिसते. पांढरी पार्श्वभूमी जास्त असेल, तर तो प्रकाश घटवितो आणि पांढरा कागद मळकट येतो. कॅमेऱ्यातील अधिक-उणे चिन्हाचे बटण किंवा फोनच्या पडद्यावर वर-खाली सरकणारी सूर्याची खूण यांनी हा अंदाज दुरुस्त करता येतो. खिडकीचा उजेड आणि घरातील दिवा एकाच वेळी वापरू नये. दोन्हींचा रंग वेगळा असल्याने पितळ एका बाजूने पिवळे, दुसऱ्या बाजूने निळसर दिसते. रंग न जुळल्याने परत आलेल्या वस्तूच्या वाहतुकीचा भुर्दंड लहान विक्रेत्याला सर्वाधिक जाणवतो.

आकाराचाही प्रश्न आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली 'नर्तकी'ची कांस्यमूर्ती याच मेण वितळविण्याच्या पद्धतीने घडलेली आहे. ती अवघी १०.५ सेंटिमीटर उंच आहे. पुस्तकांतील पानभर छायाचित्रावरून मात्र तिच्या खऱ्या आकाराचा अंदाज येत नाही. विक्रीच्या वस्तूबाबत असा गैरसमज झाल्यास तो तक्रारीत रूपांतरित होतो. म्हणून समोरून, मागून आणि तळाकडून घेतलेल्या छायाचित्रांसोबत एक छायाचित्र तळहातावर ठेवलेल्या वस्तूचे असावे आणि मजकुरात उंची सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये द्यावे.

जुना कॅमेरा घेताना

नवीन प्राथमिक कॅमेऱ्याच्या तुलनेत वापरलेला कॅमेरा बऱ्याच कमी किमतीत मिळतो आणि स्थिर वस्तूंसाठी दहा वर्षांपूर्वीचे मॉडेलही पुरेसे असते. मात्र दुकानात जाताना कारागिराने स्वतःची एक वस्तू आणि मेमरी कार्ड सोबत न्यावे, तिथेच छायाचित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर पूर्ण आकारात पाहावीत. भिंग उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू आहेत का, हे पाहावे. दमट हवेत ही बुरशी वाढते आणि दुरुस्ती महाग पडते. पांढऱ्या कागदाचे एफ/१६ वर छायाचित्र घेतल्यास संवेदकावरील धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. बॅटरी आजही नवीन मिळते का, याचीही खात्री करावी. बिल घेणे आवश्यक आहे. घरी कॅमेरा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

खरेदीचा खर्च उभा करण्याचे मार्ग मर्यादित आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार, कुंभार, सुतार, टोपल्या-चटया विणणारे, बाहुल्या व खेळणी करणारे यांच्यासह १८ व्यवसायांचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य, तसेच पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. पहिल्या टप्प्याची परतफेड १८ महिन्यांत करावयाची असते. कारागिराच्या भांडवलातील प्रत्येक हजार रुपये कॅमेऱ्यात गुंतले, तर तेवढे पितळ, मेण किंवा कोळसा कमी येतो. छायाचित्रणाचे काम महिन्यातून दोन-चार दिवसांचेच असल्याने एका कुटुंबाऐवजी बचत गटाने मिळून एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि एक पांढरा पडदा घेणे अधिक परवडते.

अखेरची दक्षता छायाचित्र पाठविताना घ्यावी लागते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र आपोआप लहान होते आणि मेणाच्या धाग्यांची नक्षी पुसट होते. तेच छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास मूळ आकारात पोहोचते. खरेदीचा क्रम त्यामुळे असा ठरतो : प्रथम ट्रायपॉड, पांढरे कापड आणि थर्माकोल, त्यावर घरातील फोनने महिनाभर काम, आणि त्यानंतरही फोन कोठे कमी पडतो हे नेमके सांगता आले, तरच कॅमेरा.