चाचण्यांचा जार आणि ‘नाही’चा पत्ता

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या फळ्यावर शोभणारा नाही असं काहींना वाटेल. पण ‘अभाव’ म्हणजे काय, हा प्रश्न जावा लिहिणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा तरी पडतोच. फक्त तो त्याला एरर म्हणतो.

मेव्हन हे जावाचे प्रकल्प बांधायचं साधन. त्याची १.० आवृत्ती २००४ साली आली. लागणारी लायब्ररी आणणं, कोड कंपाइल करणं, चाचण्या चालवणं आणि शेवटी सगळं एका जार फाइलमध्ये बांधणं, ही त्याची कामं. यात मूळ कोडचं घर वेगळं आणि चाचण्यांचं वेगळं. कंपाइल झाल्यावरही ‘टार्गेट’ फोल्डरात ‘क्लासेस’ आणि ‘टेस्ट-क्लासेस’ असे दोन कप्पे होतात, आणि जार बांधताना मेव्हन फक्त पहिला कप्पा उचलतं. हा दोष नव्हे. पंगतीत भाजी वाढतात, चव बघायचा चमचा स्वयंपाकघरातच राहतो ना, तसंच हे.

अडचण येते ती चमचाच पाठवायचा असतो तेव्हा. समजा, चाचण्या अशा मशीनवर चालवायच्या आहेत जिथे इंटरनेट नाही, मेव्हनही नाही. आपण जार नेला, चालवला, आणि उत्तर आलं: ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’. क्लास सापडला नाही.

इथे न्यायशास्त्राची एक जुनी शिस्त कामाला येते. नैयायिक नुसतं ‘नाही’ ऐकून घेत नाहीत. कशाचा अभाव? तो प्रतियोगी. आणि कुठे अभाव? ते अधिकरण. जमिनीवर घडा नाही म्हणताना घडा आणि जमीन दोन्ही सांगावी लागतात. आपले लोक मात्र ‘क्लास नाही’ एवढंच वाचतात आणि पॉम फाइलमध्ये दिसेल ते बदलत सुटतात.

तेव्हा आधी नाव वाचा. न सापडलेला क्लास तुमच्याच चाचणीचा आहे का? मग टर्मिनलवर ‘जार टीएफ’ ही कमांड देऊन जारमधली यादी बघा. त्यात चाचण्या नसणारच. जार प्लगइनला ‘टेस्ट-जार’ हे काम नेमून द्या, म्हणजे नावाच्या शेवटी ‘टेस्ट्स’ असलेला दुसरा जार तयार होतो.

तो नेला तरी पुन्हा एरर! पण आता नाव बघा, ते ज्युनिटच्या क्लासचं आहे. प्रतियोगी बदलला, म्हणजे आजारही बदलला. टेस्ट-जारमध्ये फक्त तुमचे क्लास असतात, त्यांना लागणारी लायब्ररी नसते. शिवाय ज्युनिटचा स्कोप ‘टेस्ट’ असतो, आणि या स्कोपच्या वस्तू घराबाहेर पडत नाहीत. दुसऱ्या मॉड्यूलने तुमचा टेस्ट-जार घेतला तरी ज्युनिट त्याला आपल्या पॉममध्ये स्वतंत्रपणे मागावं लागतं. ‘जार-विथ-डिपेंडन्सीज’ या तयार साच्यानेही हे सुटत नाही, कारण तो रनटाइमला लागणाऱ्या वस्तूच भरतो.

मग कोणीतरी वैतागून ज्युनिटचा स्कोप ‘कंपाइल’ करतं. काम होतं, पण तुमची लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आता ज्युनिट जातं. मला हा उपाय पसंत नाही. चाचण्या बाहेर पाठवायच्याच असतील तर त्यांचं वेगळं मॉड्यूल करा आणि त्या तिथल्या मूळ कोडच्या घरात ठेवा. तिथे ज्युनिट कंपाइल स्कोपमध्ये असणं रास्तच आहे, आणि मग तो तयार साचाही चालतो. मेव्हनचे कर्तेही हाच मार्ग सुचवतात.

एक छोटा सापळा. ‘स्किप-टेस्ट्स’ म्हटलं की चाचण्या कंपाइल होतात, फक्त चालत नाहीत. ‘मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप’ म्हटलं की कंपाइलही होत नाहीत आणि टेस्ट-जार जन्मालाच येत नाही. शुद्ध प्रागभाव! शेजारचं मॉड्यूल मग तो शोधत बसतं.

पण मला खरी भीती एरर न येण्याची वाटते. टेस्ट-जार दुसऱ्या मेव्हन प्रकल्पात डिपेंडन्सी म्हणून घेतला की वाटतं, त्यातल्या चाचण्या आता इथेही चालतील. तसं होत नाही. चाचण्या चालवणारं शुअरफायर प्लगइन फक्त आपल्या घरचा ‘टेस्ट-क्लासेस’ कप्पा बघतं. तो रिकामा असेल तर ‘चालवायला चाचण्या नाहीत’ अशी बारीकशी ओळ छापतं, आणि खाली दिमाखात ‘बिल्ड सक्सेस’. महिनोन्महिने कोणी बघत नाही.

कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलंय. पण अट कडक आहे: वस्तू असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. शून्य चाचण्या चालवून ‘दोष दिसला नाही’ म्हणणं हे त्या अंधारातलं बघणं झालं.

दिवा लावायची सोय शुअरफायरमध्येच आहे. ‘डिपेंडन्सीज-टू-स्कॅन’मध्ये त्या जारचं नाव द्या, आणि ‘फेल-इफ-नो-टेस्ट्स’ चालू करा, म्हणजे एकही चाचणी नसेल तर बिल्ड मोडेल. मग एक चाचणी मुद्दाम नापास होईल अशी लिहून जार पुन्हा बांधा. ती दुसऱ्या प्रकल्पात तांबडी दिसली, तरच बाकीच्या हिरव्यांकडे बघा.