वैद्यकाची हरवलेली पायरी

सोलापूरकर श्रोत्यांपुढे वैद्यकाच्या शिक्षणाविषयी बोलावयाचे तर उदाहरणासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. 1910 साली ते येथे जन्मले, वैद्यकाच्या शिक्षणासाठी त्यांना मुंबई गाठावी लागली, 1938 साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 साली तेथेच त्यांचा देह पडला. पुढे 1963 साली डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय या शहरात निघाले आणि डॉक्टर होण्यासाठी सोलापूरच्या मुलाने गाव सोडलेच पाहिजे ही अट संपली. अट संपली, पण वाट सर्वांना सारखी मोकळी झाली काय, हा आजचा प्रश्न आहे. विडी वळणाऱ्या बाईची मुलगी, यंत्रमागावर पाळी करणाऱ्याचा मुलगा, मंगळवेढ्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर यांना महाविद्यालयाचे दार कायद्याने बंद नाही. तथापि दाराकडे नेणाऱ्या जिन्याची एक पायरी मध्येच निखळली आहे. ती बसविण्यासाठी जगात ठिकठिकाणी जो उपाय करण्यात आला, त्याला ‘पायाभूत वर्ष’ असे म्हणतात. ते वर्ष म्हणजे काय, आणि आपल्याकडे त्याची गरज कितपत आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पायरी कोठे निखळते?

वैद्यकीय प्रवेशाची आजची रीत प्रथम समजून घेऊ. बारावीच्या गुणांवर किंवा राज्याच्या परीक्षेवर प्रवेश देण्याची पद्धत गेली आणि 2017 पासून सर्वांना ‘नीट’ ही एकच देशव्यापी परीक्षा लागू झाली. गुण 720; त्यांतील निम्मे जीवशास्त्राला व उरलेले भौतिकी आणि रसायन यांना सारखे वाटलेले. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकलेल्या उत्तराला 1 गुण कापला जातो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मग मराठी शाळेतील मुलाचे अडते कोठे?

अडते ते अकरावीत. दहावीपर्यंत मुलगी ‘त्वरण’ शिकते, ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकते, ‘पेशीभित्तिका’ शिकते. अकरावी विज्ञानाच्या वर्गात तीच वस्तू ‘ॲक्सिलरेशन’, ‘फोटोसिंथेसिस’, ‘सेल वॉल’ अशी नवी नावे घेऊन समोर येते. वस्तू ओळखीची आहे, हे कळावयासच सहा महिने जातात. ज्या घरात अगोदरच इंग्रजी आहे त्या घरातील मूल या सहा महिन्यांत निम्मा अभ्यासक्रम संपवून बसलेले असते. सोलापुरात तर हा पेच दुहेरी आहे. येथे घरी तेलुगू किंवा कन्नड, रस्त्यावर मराठी, शेजारी उर्दू आणि पुस्तकात इंग्रजी अशी कितीतरी मुले आहेत. त्यांच्या बुद्धीचा बराच अंश एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ओझे वाहण्यातच खर्ची पडतो.

दुसरी अडचण वेळेची. विडीची मजुरी हजारावर मोजतात. हजाराचा आकडा गाठण्यासाठी आईबरोबर मुलीचे हातही सुपावर बसतात, आणि अभ्यासाचा तास तेथेच कापला जातो.

आता दुसरी बाजू पाहा. ज्यांची ऐपत आहे अशा कुटुंबांत बारावीनंतर पहिल्या परीक्षेत यश आले नाही, तर मुलाला आणखी एक वर्ष दिले जाते. शेजारच्या लातुरात किंवा दूर राजस्थानात कोट्यास त्याला ठेवतात. शिकवणी, खोली, खानावळ मिळून खर्च लाखांत जातो. या मुलाला कोणी कमी लेखत नाही. ‘रिपीटर’ असे साधे नाव देऊन मोकळे होतात. वास्तविक हे पायाभूत वर्षच आहे. फरक इतकाच की ते बाजारात विकत मिळते. तेव्हा जादा वर्ष असावे की नसावे, हा वाद आता उरलेला नाही. ते केवळ पैसेवाल्यालाच मिळावे काय, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

जुनी वाट

पूर्वी काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मराठीतून व गुजरातीतून वैद्यक शिकविणारे वर्गही चालत. पुढे कमी मुदतीचे ‘लायसेन्शिएट’ शिक्षण आले. त्यातून अनेक तालुक्यांना डॉक्टर मिळाले. परंतु पदवीधर वरचा आणि लायसेन्शिएट खालचा अशी उतरंडही त्यातूनच निर्माण झाली. 1946 साली भोर समितीने देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे सुचविले आणि ती दुय्यम वाट हळूहळू बंद झाली. समितीचा हेतू योग्यच होता, कारण गरिबाला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा डॉक्टर हा न्याय नव्हे.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे मॅट्रिक झालेला मुलगा थेट वैद्यकाकडे जात नसे. तो आधी कॉलेजात विज्ञान शाखेची दोन वर्षे काढून ‘इंटर सायन्स’ होई. दयानंद महाविद्यालय 1940 चे आणि संगमेश्वर 1953 चे. अशा महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत खेड्यातील मुलाची इंग्रजीची भीती मोडत असे. 1970 च्या दशकात नवा आकृतिबंध आला, इंटर गेले आणि अकरावी-बारावी आली. नावापुरती दोन वर्षे तीच राहिली. परंतु आज पुष्कळ ठिकाणी हजेरी महाविद्यालयात आणि खरे शिक्षण शिकवणीच्या वर्गात अशी वाटणी झाली आहे, आणि शिकवणीची फी ज्याला झेपत नाही त्याच्या हाती केवळ हजेरी उरते. पायरी निखळली ती येथे.

इतरांनी काय केले?

इंग्लंडात हा प्रश्न वर्गभेदाच्या रूपाने पुढे आला. डॉक्टर बहुतेक सुखवस्तू घरांतून आणि निवडक शाळांतून येतात, असे तेथील विद्यापीठांच्या ध्यानी आले. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2001 साली पाच वर्षांचा अभ्यासक्रम काही विद्यार्थ्यांसाठी सहा वर्षांचा केला. साउथॅम्प्टन विद्यापीठाने 2002 साली पाच वर्षांच्या आधी एक वर्ष जोडले. पहिल्या ठिकाणी आरंभीचा अभ्यास संथ गतीने पसरून देतात. दुसऱ्या ठिकाणी आधी तयारी करून घेऊन मग मुख्य वर्गात सोडतात. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. प्रवेशाचे गुण थोडे शिथिल करावयाचे, मात्र विद्यार्थी कोणत्या शाळेतून आणि कोणत्या परिस्थितीतून आला हे तपासावयाचे. शिकवणुकीची मदत वाढवावयाची. आणि शेवटची परीक्षा सर्वांची एकच ठेवावयाची. ज्यांनी शाळेत विज्ञानाऐवजी दुसरे विषय घेतले त्यांच्यासाठी तेथे निराळे पूर्ववर्ष असते. परिस्थितीने मागे पडलेल्यांचे वर्ष आणि विषय बदलणाऱ्यांचे वर्ष यांची ते गल्लत करीत नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्या देशात हा विचार परका आहे असे मात्र कोणी समजू नये. अभियांत्रिकीच्या आयआयटी संस्थांत अशी सोय पूर्वीपासून आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा रिकाम्या राहिल्या, तर प्रवेशाच्या रेषेस थोडक्यात न पोचलेल्या विद्यार्थ्यांना एक वर्षाच्या तयारीच्या वर्गात घेतात. भौतिकी, रसायन, गणित व इंग्रजी शिकवितात. आणि वर्षअखेर तो उत्तीर्ण झाला की पुन्हा प्रवेशपरीक्षा न देता त्याला मुख्य अभ्यासक्रमात जागा मिळते. पूल बांधणाऱ्यासाठी जे वर्ष आपण मान्य केले, ते रोग्याची नाडी पाहणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे नाही. वैद्यकात 2019 पासून ‘फाउंडेशन कोर्स’ आला खरा. परंतु तो प्रवेश मिळून गेलेल्यांसाठी असून आरंभी जेमतेम महिनाभराचा होता. दारात पोचलेल्याचे स्वागत आणि वाटेत थकलेल्याला हात या गोष्टी वेगळ्या आहेत.

तमिळनाडूने निराळी वाट धरली. 2020 साली कायदा करून तेथे सरकारी शाळांत सहावी ते बारावी शिकलेल्या, ‘नीट’ उत्तीर्ण मुलांसाठी राज्याच्या वाट्याच्या वैद्यकीय जागांत साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 2015 साली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम काढला आणि ग्रामीण व आदिवासी मुलांना ‘नीट’चे विनामूल्य शिक्षण देण्यास आरंभ केला. काल ज्याने परीक्षा दिली तोच आज उत्तम शिकवितो, हे त्यावरून दिसते.

आक्षेप आणि उत्तर

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: गुण कमी असलेल्यास आत घेतले तर डॉक्टर कच्चा निघेल. आक्षेप घेणाऱ्याची भीती खोटी नाही, कारण शेवटी शरीर आपले आहे. परंतु डॉक्टर पक्का की कच्चा, हे प्रवेशपरीक्षा ठरवीत नाही. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन येथपासून शल्यक्रियेपर्यंतच्या साडेचार वर्षांच्या परीक्षा आणि त्यापुढील वर्षभराची रुग्णालयातील उमेदवारी ते ठरविते. पायाभूत वर्षाने यांतील एकही चाळणी सैल करावयाची नाही. शर्यतीच्या शेवटची दोरी सर्वांना एकच. फक्त ज्याला चिखलातून धावावे लागले त्याला धावपट्टी थोडी लांब द्यावयाची.

दुसरा आक्षेप असा की राखीव जागा आहेत, मग हे कशाला? राखीव जागा प्रवेश देतात. शिकविण्याचे काम त्या करीत नाहीत. जागा मिळाली पण पहिल्याच वर्षी इंग्रजी ग्रंथांच्या ओझ्याखाली मुलगा दबला, तर त्या जागेचे चीज होत नाही. दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत.

आणि यात केवळ त्या मुलाचे हित आहे असेही नाही. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात येणारा रोगी पोटात नेमके काय होते ते तेलुगूत सांगतो, कन्नडात सांगतो. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या बाईचा खोकला आणि मागाजवळ उभे राहून आलेली पायाची सूज यांचा अर्थ त्या वस्तीत वाढलेल्या डॉक्टरला लवकर उमगतो. निम्मे निदान रोग्याच्या बोलण्यात असते. ते बोलणे समजणारा माणूस खुर्चीवर हवा.

सोलापुरात काय करता येईल?

कायद्याची मर्यादा स्पष्ट आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार ‘नीट’ वाचून प्रवेश नाही. आयआयटीप्रमाणे परीक्षेनंतरचे वर्ष हवे असेल तर दिल्लीत नियम बदलले पाहिजेत. ती मागणी लोकप्रतिनिधींनी करावी. परंतु परीक्षेपूर्वीचे वर्ष आपण काढू म्हटले तर त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

असे वर्ष कसे असावे? बारावी झालेली, घराण्यात आधी कोणी पदवीधर नसलेली, मराठी, कन्नड, तेलुगू वा उर्दू शाळेतून आलेली तीस-चाळीस मुले निवडावी. निवड करताना गुणांबरोबर घरची स्थिती पाहावी. त्यांना राहण्या-जेवण्याची सोय आणि घरी बुडणाऱ्या मजुरीपोटी थोडी विद्यावृत्ती द्यावी. नाहीतर पहिल्या तिमाहीतच मुली सुपाकडे परततील. भौतिकी व रसायन मुळापासून शिकवावे, आणि प्रत्येक संज्ञा आधी मातृभाषेत समजावून मग इंग्रजीत वापरावयास लावावी. शिकविण्यास शहरातील निवृत्त प्राध्यापक आणि वैद्यकाचे विद्यार्थी मिळतील. आठवड्यातून एकदा रुग्णालयात नेऊन डॉक्टरांचे काम दाखवावे, म्हणजे आपण कशासाठी झिजतो हे त्यांना कळेल. आणि ज्यांना वैद्यकाची जागा मिळणार नाही त्यांना परिचर्या, औषधनिर्माण किंवा विज्ञानाची पदवी यांकडे जाण्याची वाट आधीच आखून ठेवावी, म्हणजे कोणाचेही वर्ष वाया जाणार नाही.

सरकारच्या महाज्योती, बार्टी यांसारख्या संस्था काही वर्गांना अशा तयारीसाठी साहाय्य करतात. त्याचा लाभ कोणास मिळू शकतो, अर्ज कोठे करावयाचा, एवढे जरी शाळाशाळांतून सांगितले गेले तरी पुष्कळ काम होईल. उरलेला भार शहराने उचलावा. तीस मुलांचा वर्षाचा खर्च या शहराच्या एखाद्या उत्सवातील रोषणाईहून जड जाण्याचे कारण नाही. त्यातून दरवर्षी पाच डॉक्टर जरी निघाले, तरी दहा वर्षांत पन्नास डॉक्टर असे होतील की ज्यांना आपल्या रोग्याशी बोलण्यासाठी दुभाष्या लागणार नाही.