पहिल्या धारेआधीचं फूल

सातपुड्यात मोहाची दारू चाखायची असेल तर सुरुवात फुलापासून करावी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर घरधन्यानं कणगीत हात घातला आणि मूठभर वाळलेलं फूल माझ्या तळहातावर ठेवलं. तांबूस-तपकिरी, सुरकुतलेलं, बोटाला चिकटणारं. चावलं की आधी मनुकेचा गोडवा, मग जिभेच्या कडांना तुरटपणा, आणि गिळून झाल्यावर नाकात मागून चढणारा एक उग्र, थेट गोठ्याची आठवण देणारा वास. "हा वास ध्यानात ठेवा भाऊ," तो म्हणाला. "हाच बाटलीत यायला पाहिजे. दुसरा कुठला आला तर समजायचं, फूल बिघडलेलं होतं."

पाड्याचं नाव लिहीत नाही. घरच्या वापरासाठी का होईना, महाराष्ट्रात भट्टी लावणं हा गुन्हा आहे.

मोह फाल्गुन-चैत्रात फुलतो, तेव्हा झाडाची पानं बहुतेक गळालेली असतात. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांवर येतात, आणि पहाटेपर्यंत मलईच्या रंगाच्या मांसल पाकळ्या टपटप खाली पडतात. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणून फुलं वेचली तरी पुढं बिया मिळतात आणि बियांचं तेलही निघतं. झाडाखालची जमीन आधी साफ करून ठेवलेली असते. काही जण त्यासाठी पाला पेटवतात, आणि उन्हाळ्यात डोंगर पेटतो तो कधी कधी याच कारणानं. बायका आणि पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत पोचतात. ऊन चढल्यावर वेचलेलं फूल मुंग्यांनी भरतं, आंबायलाही लागतं.

मग ते अंगणात वाळतं, आणि दारूची चव इथंच ठरते. नीट खालीवर करून कडक वाळवलेलं, कणगीत दाबून भरलेलं फूल महिने महिने टिकतं. दिवसागणिक त्याचा रंग गडद होतो, ताज्या फुलाचा हलका सुवास जाऊन गुळाचा, सुक्या मेव्याचा वास येतो. पावसाळ्यात कणगीत ओल शिरली की बुरशी धरते, फूल काळं पडतं. असं फूल फेकून द्यायचं जिवावर येतं, म्हणून तेही माठात जातं. नंतर शहरातले पाहुणे नाक मुरडून म्हणतात, मोहाची दारू कुबटच असते.

माठात फूल आणि पाणी, बाकी काही नाही. यीस्ट बाहेरून घालावं लागत नाही, फुलावरच असतं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत काम होतं, थंडीत जास्त लागतात. घरधन्याचे वडील अधूनमधून माठापाशी उकिडवे बसून कान लावायचे. मलाही लावायला सांगितला. आत बारीक चुरचुर चाललेली, तव्यावर थेंब पडावेत तशी. ती थांबली आणि वर तरंगणारी फुलं बुडाली, की सडवा तयार. घड्याळ, मोजपट्टी, काही नाही. तरी म्हाताऱ्याच्या कानावर माझा त्या दिवसापासून पूर्ण विश्वास आहे.

भट्टी नाल्याच्या काठी लागते, कारण गार पाणी हाताशी हवं. दगडांच्या चुलीवर मोठं मडकं, त्यावर उपडं लहान मडकं, सांध्याला चिखल आणि चिंधी. वरच्या मडक्यातून पोकळ बांबू निघतो तो पाण्यात बसवलेल्या दुसऱ्या भांड्यात. आता बऱ्याच ठिकाणी अॅल्युमिनियमची पातेली आणि नळी आली आहे. आग सांभाळत होत्या घरातल्या वहिनी. दारूतला अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतो, पाणी १००वर. सगळी कला या दोहोंमधल्या जागेत आहे. वहिनी वरच्या मडक्याला तळहात लावून बघत आणि एखादं लाकूड मागं ओढत. आच वाढली तर सडवाच उसळून नळीत येतो, तळाचं फूल करपतं आणि करपलेला वास शेवटपर्यंत जात नाही. माझ्याशी बोलतानासुद्धा त्यांची नजर बांबूच्या तोंडावरून हलली नाही.

धार सुरू झाली तेव्हा पहिले थेंब जमिनीवर सोडले गेले, देवाला आणि पूर्वजांना. कारखान्यातला माणूसही सुरुवातीचा भाग काढून टाकतोच, कारण आधी उडून येणारी द्रव्यं घशाला आणि डोक्याला वाईट. पण दोन्ही एकच, असं म्हणण्याचा मोह आवरावा. चार थेंबांनी शास्त्र पुरं होत नाही. ती देवाची वाटणी आहे, तेवढीच.

चाखणं असं झालं. पळसाच्या पानाच्या द्रोणात अगदी थोडी, अजून कोमट. आधी ठिणगीवर शिंतोडा टाकून निळी ज्योत दाखवली गेली. नाकाशी नेल्यावर तिखटपणा आधी, मग कणगीतलं तेच फूल, तोच गोठा, पण पुष्कळ स्वच्छ. जिभेवर गोडीचा नुसता भास, साखर नाही. पोटात उतरताना छातीत रेषा ओढल्यासारखं. मग धूर. चुलीचा असेल, फुलाचा असेल, वेगळा काढता येईना. मधली धार सर्वांत गोल लागली, मला तीच आवडली. शेवटची पाणचट आणि आंबूस. वहिनींनी तिन्ही एकत्र केल्या, आणि बाटलीत गेली ती सरासरी. सोबतीला भाजलेला मका होता, दुसरं काही लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचं पेय मी पुण्यात एका मित्राकडे चाखलं होतं. त्यानं अमेरिकेहून आणलेली, बर्बनच्या पिंपात मुरवलेली काळी कडक बिअर. अमेरिकन कायद्यानं बर्बन ही आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याच्या कामाचं नसतं. मग ते स्कॉटलंडला जातं, गोव्याच्या पॉल जॉनसारख्या व्हिस्कीवाल्यांकडे येतं. १९९०च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंडनं त्यात दाट काळी बिअर ओतली आणि पुढं ती पद्धतच पडली. चौदा टक्क्यांच्या आसपासची ती बिअर घोटभर घेतली तर व्हॅनिला, खोबरं, करपलेली साखर, कॉफी, आणि तळाशी व्हिस्कीची ऊब. यातली निम्मी चव लाकडानं दिलेली. व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच व्हॅनिलिन जाळलेल्या ओकमधूनही सुटतं.

सातपुड्यात लाकूड फक्त चुलीत जातं. दारू मुरत नाही, काढली की दोन-चार दिवसांत, सणावाराला, लग्नाला, इंदलच्या उत्सवाला संपते. मुरतं ते फूल. पिंपाचं काम इथं कणगी करते, आणि तेही गाळण्याच्या आधी. हे एकदा ध्यानात आलं की मोहाच्या दारूकडे व्हिस्कीच्या मापानं बघणं थांबतं. तिला वय विचारायचं नाही, तिच्या फुलाला विचारायचं.

या जिल्ह्यात दारूचं कौतुक लिहिताना दुसरी बाजू टाळता येत नाही. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. १९७२नंतर शहाद्याच्या भागात अंबरसिंग सुरतवंतींच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून भिल्ल बायका पुढं आल्या आणि त्यांनी गुत्त्यांतली मडकी फोडली. त्या बायका बरोबर होत्या. त्यांनी फोडली ती मजुरी गिळणारी दारू. धंद्याच्या हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर पडतो, फूल असलं तर नावाला. विषारी दारूचं टोक याहून भयंकर. २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं मेली, ती मिथेनॉलनं. घरची भट्टी आणि गुत्ता यांत फरक आहे, पण नवरा घरच्या भट्टीचंही रोज प्यायला लागला तर बायकोला तो फरक काय उपयोगाचा, हेही खरं.

इंग्रजांना या फुलाचा असा धाक होता, की १८९२च्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. त्यामागं सरकारी भट्ट्यांचा महसूल होता. स्वतंत्र भारतात १९४९चा दारूबंदी कायदा आला. फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध महाराष्ट्रानं उठवले ते थेट २०२१मध्ये. नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरला मात्र बचत गटातले आदिवासी परवान्यानिशी मोहाची दारू गाळतात आणि 'मोंड' नावानं बाटलीत भरतात. तिथं प्रत्येक घाण्याची तपासणी होऊ शकते, बाटलीवर टक्केवारी छापता येते. नदीच्या अलीकडचं झाड तेच, फूल तेच, हातही त्याच तोडीचे.

महाराष्ट्रानं असा परवाना द्यावा, आणि तो धडगाव-अक्कलकुव्यातल्या फूल वेचणाऱ्या बायकांच्या गटांना द्यावा, शहरातल्या ठेकेदाराला नव्हे. दिलाच तर दोन अटी घालाव्यात: बाटलीवर फूल कुठल्या गावचं आणि कोणत्या हंगामाचं ते लिहावं, आणि व्हिस्कीचा आव आणण्यासाठी ती ओकच्या पिंपात भरू नये.