गच्चीवरून गच्चीवर

एखाद्या शाळेचे दफ्तर जुन्या इमल्यात राहिले, वर्ग रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेले आणि दोन्हीकडे स्वतंत्र वायफाय नांदू लागले, म्हणजे एकीकडची कागदपत्रे आणि प्रिंटर दुसरीकडच्यांस दुष्प्राप्य होतात. आणि मग ‘मध्ये एक रिपीटर बसवा’ असा सल्ला जो तो देऊ लागतो. सल्ला स्वस्त आहे, पण मला तो मान्य नाही. घरगुती राउटर समईप्रमाणे आपला प्रकाश चहूकडे सांडतो, त्यातला बराचसा भिंतींतच विझतो, आणि साध्या रिपीटरला ऐकणे व बोलणे एकाच लहरीवर आळीपाळीने करावे लागत असल्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो.

खरा उपाय म्हणजे दोन्ही गच्च्यांवर एकमेकींकडे तोंड केलेल्या दिशादर्शी अँटेना बसवून केवळ या दोघींच्या संभाषणासाठी राखलेला सेतू उभारणे. त्यासाठी बहुधा 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी योजतात. आपल्याकडे 2018 सालापासून त्या पट्ट्याचा बराच भाग, शक्तीची मर्यादा पाळल्यास, परवान्याविना वापरता येतो. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी 2007 साली डोंगरमाथ्यांवरून वायफायचा दुवा 382 किलोमीटरपर्यंत नेला होता, तेव्हा रस्त्याच्या रुंदीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. धास्ती बाळगावी ती मधल्या झाडाची. कारण पलीकडची अँटेना डोळ्यांना दिसली म्हणजे काम झाले असे नव्हे: लहरींना दृष्टिरेषेभोवती लांबट, मध्यभागी फुगीर असा अवकाश लागतो, त्यास फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे, आणि एक किलोमीटरच्या अंतरात त्याची त्रिज्या मध्यभागी सुमारे साडेतीन मीटर भरते. माघात निष्पर्ण गुलमोहराआडून सुरळीत चाललेला दुवा आषाढात त्याच झाडाच्या भिजल्या पालवीत अडखळतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या पावसाच्या माथी मारला जातो.

सेतू बांधला तरी कारभाराचा प्रश्न उरतोच. दोन्ही राउटर कारखान्यातून बहुधा 192.168.1.1 हाच पत्ता घेऊन येतात आणि प्रत्येकजण येईल त्या संगणकास पत्ते वाटू लागतो. एका गावात दोन कुलकर्णी सातबारे लिहू लागले तर जो घोळ होईल, तोच येथे होतो. म्हणून पत्तेवाटपाची मुखत्यारी एकाकडेच ठेवावी, दुसऱ्याची ती सोय बंद करून त्यास वेगळा पत्ता द्यावा. दोन्हीकडे वायफायचे नाव आणि परवलीचा शब्द एकच ठेवला, की फिरत्या माणसास ताटातूट फारशी जाणवत नाही.

गच्चीवरच्या खांबाला भूसंपर्क आणि वीजनिवारक यांची तरतूद पावसाळ्यापूर्वीच करावी. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ओढण्याचा मोह मात्र टाळावा: तिची मर्यादा 100 मीटर, आणि आकाशातली वीज तिच्यावाटे दोन्ही घरांतली यंत्रे एकदम जाळू शकते. मधली जमीन आपल्याच मालकीची असेल आणि खणण्याची मुभा असेल, तर या साऱ्या हवाई खटाटोपाच्या नादी न लागता सरळ ऑप्टिकल फायबर पुरावी.