टूथब्रश विकून गाठलेली अंतिम फेरी

एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या दप्तरात महिलांच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा पहिला विजेता म्हणून लुइझियाना टेकचं नाव आहे, साल १९८२. आज या स्पर्धेत ६८ संघ उतरतात. एकदा हरलं की गाशा गुंडाळायचा, आणि मार्चमध्ये सुरू झालेली ही धामधूम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. २०२४ चा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्याहून कमी प्रेक्षक मिळाले, आणि असं पहिल्यांदाच झालं. त्यात गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिचा आयोवा हरला, साउथ कॅरोलायना जिंकलं.

दप्तर १९८२ पासूनचं असलं तरी खेळ त्याआधीचा आहे.

मार्च १९७२. इलिनॉयमधल्या नॉर्मल नावाच्या गावी १६ महिला संघ अजिंक्यपदासाठी जमले होते. मुलींना पुरुषांसारखं पाच जणींनी पूर्ण मैदानभर खेळायची मुभा नुकतीच मिळाली होती. तोवर संघात सहा जणी असत आणि त्यांतल्या बहुतेकींना मधली रेघ ओलांडायला बंदी! फिलाडेल्फियाजवळचं इमॅक्युलाटा हे नन्स चालवत असलेलं छोटं कॅथलिक कॉलेज या १६ संघांत पंधराव्या मानांकनावर होतं. त्यांचं क्रीडागृह काही वर्षांपूर्वी जळून गेलेलं, त्यामुळे सराव नवदीक्षित नन्सच्या इमारतीच्या तळघरात चाले. खेळाडूंच्या अंगावर लोकरी झगे. प्रशिक्षक कॅथी रश यांचं मानधन वर्षाला ४५० डॉलर. प्रवासासाठी मुलींनी टूथब्रश विकून पैसे जमवले, तरी आठच जणींची सोय झाली. त्याही विमानात ऐनवेळी रिकाम्या राहणाऱ्या जागांवर बसून गेल्या.

अंतिम फेरीत समोर आलं शेजारचंच वेस्ट चेस्टर. विभागीय स्पर्धेत याच संघाने इमॅक्युलाटाला ३२ गुणांनी धुतलं होतं. इथे निकाल लागला ५२-४८, आणि तो इमॅक्युलाटाच्या बाजूने. पुढची दोन वर्षंही करंडक त्यांच्याकडेच राहिला. घरच्या सामन्यांत नन्स प्रेक्षकांत बसून काठ्यांनी पत्र्याच्या बादल्या बडवत. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, बादल्या तिथल्या.

ही स्पर्धा भरवणारी एआयएडब्ल्यू ही संघटना शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांनी उभी केली होती. नियम त्यांचे, निर्णय त्यांचे. पुरुषांच्या खेळातली पैशांची बजबजपुरी आपल्याकडे नको म्हणून सुरुवातीला त्यांनी खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यायलाही नकार दिला. हा हट्ट मला भाबडा वाटतो, पण त्यामागची भीती पोकळ नव्हती. १९७२ च्याच जूनमध्ये ‘टायटल नाइन’ कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलींना डावलता येईना, आणि महिलांच्या खेळात पैसा येऊ लागला. तो आला तशी आजवर ढुंकूनही न पाहणाऱ्या एनसीएएला या खेळाची गोडी लागली.

१९८२ मध्ये दोन्ही संघटनांनी आपापली स्पर्धा भरवली. एनसीएएने संघांचा प्रवासखर्च उचलला. बहुतेक बडे संघ तिकडे गेले. तिथे लुइझियाना टेकने चेनी स्टेटला ७६-६२ असं हरवलं. चेनी हे कृष्णवर्णीयांचं जुनं कॉलेज, प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर. एआयएडब्ल्यूच्या अखेरच्या अंतिम सामन्यात रटगर्सने टेक्सासला हरवलं. रटगर्सच्या प्रशिक्षक होत्या टेरेसा ग्रेंट्झ, म्हणजे १९७२ च्या इमॅक्युलाटा संघाची हुकमी खेळाडू टेरेसा शँक. एआयएडब्ल्यू कोर्टात गेली, हरली आणि मोडीत निघाली.

एनसीएएच्या मोठ्या घरात गेल्यावर सुविधा आल्या, पण महिलांच्या हातून लगाम गेला. ‘टायटल नाइन’पूर्वी महिलांच्या दहापैकी नऊहून अधिक कॉलेज संघांना प्रशिक्षक महिला असे; आज सगळे खेळ धरले तर निम्म्याहूनही कमी संघांना. टेनेसीच्या प्रशिक्षक पॅट समिट सुरुवातीला संघाची गाडी स्वतः चालवत, खेळाडूंचे कपडे धूत. त्यांनी आठ अजिंक्यपदं मिळवली. आता विक्रम कनेक्टिकटचे पुरुष प्रशिक्षक जिनो ऑरिएमा यांच्या नावावर आहे, २०२५ पर्यंत बारा.

नव्या घरातली वागणूक उघडी पडली ती २०२१ मध्ये, सॅन अँटोनियोत. कोविडमुळे सगळे महिला संघ तिथे मुक्कामाला होते. ओरेगॉनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने एक व्हिडिओ टाकला: पुरुषांना हॉलभर व्यायामाची साधनं आणि महिलांना डंबेल्सची एक घोडी. जागा कमी होती, असा खुलासा आला. तिने कॅमेरा फिरवून रिकामा हॉल दाखवला. चौकशी झाली, तेव्हा डंबेल्स हे निमित्त ठरलं. पुरुषांच्या स्पर्धेचं ‘मार्च मॅडनेस’ हे नाव महिलांच्या स्पर्धेला वापरू दिलं जात नव्हतं, आणि तिचे प्रसारणहक्क इतर खेळांच्या गाठोड्यात बांधून स्वस्तात विकले जात होते. नाव २०२२ मध्ये मिळालं.

पैशाला आणखी वेळ लागला. पुरुषांच्या स्पर्धेत संघ जितके सामने खेळेल, त्या हिशेबाने एनसीएए त्याच्या कॉलेजगटाला (कॉन्फरन्सला) वाटा देते. ही पद्धत १९९१ पासूनची आहे. महिला संघांचा असा पहिला वाटा २०२५ च्या स्पर्धेपासून धरला गेला.