ऑर्केस्ट्रातल्या गिटारिस्टच्या गळ्यात बहुतेक वेळा ‘स्ट्रॅट’च का दिसते?

गणपती किंवा नवरात्रीच्या दिवसांत जोगेश्वरी पूर्वेला रात्री एक चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्रा रंगात आलेला असतो. सगळ्यांचं लक्ष गायकाकडे, फार तर ढोलकीवाल्याकडे. एकदा मागे उभ्या असलेल्या गिटारिस्टकडे बघा.

त्याच्या गळ्यातली गिटार बऱ्याचदा ओळखीच्याच आकाराची असते. वर दोन शिंगं, त्यातलं एक लांब आणि एक आखूड. पोटावर प्लास्टिकची पांढरी किंवा काळी प्लेट. तारांखाली तीन पट्ट्या आणि तारा जिथे संपतात तिथे एक लोखंडी दांडी. या आकाराचं नाव स्ट्रॅटोकास्टर, वाजवणाऱ्यांच्या भाषेत ‘स्ट्रॅट’. मूळ गिटार फेंडर या अमेरिकन कंपनीची, पण स्टेजवरची प्रत्येक स्ट्रॅट फेंडरचीच असते असं नाही.

दुकानात इलेक्ट्रिक गिटारचे डझनावारी मॉडेल टांगलेले असतात. तरी फिरून फिरून हात याच आकाराकडे का जातो? ‘आवाज भारी आहे’ हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं रोजच्या कामात आहे.

आधी थोडक्यात: इलेक्ट्रिक गिटार वाजते कशी?

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीत घुमतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाच्या असतात. तारांखाली दिसणाऱ्या त्या पट्ट्या म्हणजे ‘पिकअप’. पिकअपमध्ये चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो. ॲम्प्लिफायर तोच मोठा करतो.

म्हणजे आवाज कसा येणार, हे बरंचसं पिकअप कसला आहे आणि तो तारेच्या कुठल्या भागाखाली बसवलाय यावर ठरतं. पुढची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

बनवणाऱ्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्याने आपलं रेडिओचं दुकान काढलं. तो गिटारवादक नव्हता. त्यामुळे नवीन काही बनवलं की तो ते वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकायचा.

त्याची आधीची गिटार, टेलिकास्टर, चांगली चालत होती. पण तिच्या पोटाच्या कडा सरळ कापलेल्या होत्या. तासन्तास वाजवलं की त्या बरगड्यांना आणि हाताला टोचत. बिल कार्सनसारख्या रोज रात्री कार्यक्रम करणाऱ्या वादकांनी हे त्याला सांगितलं. फ्रेडी टव्हॅरेस या सहकाऱ्याने नव्या गिटारचा आकार कागदावर उतरवला आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. मागून पोटाला खोलगट, पुढून हात टेकतो तिथे उतरती, आणि पिकअप दोनऐवजी तीन.

थोडक्यात, रोजच्या कमाईसाठी तीन-चार तास उभं राहून वाजवणाऱ्यांच्या तक्रारींतून ही गिटार घडली. जोगेश्वरीतल्या स्टेजवरच्या गिटारिस्टचं काम आजही तेच आहे.

एका रात्रीत पंचवीस गाणी, गिटार मात्र एकच

ऑर्केस्ट्रात काय काय वाजवावं लागतं बघा. सुरुवातीला आरती किंवा भक्तिगीत. मग आर. डी. बर्मन यांच्या काळातलं एखादं गाणं, ज्यात गिटारची ‘चक-चक’ लय लागते. त्यानंतर ‘कर्ज’ (१९८०) मधली गिटारची धून, जी चुकली तर पब्लिक लगेच ओळखतं. मग कोळीगीत, मग अजय-अतुल, आणि शेवटी कॉलेजच्या पोरांसाठी एखादं रॉक गाणं.

प्रत्येकासाठी वेगळा आवाज हवा. तीन गिटार घेऊन येणं परवडत नाही आणि दोन गाण्यांच्या मध्ये गिटार बदलायला निवेदक वेळही देत नाही.

इथे स्ट्रॅटचे तीन पिकअप कामी येतात. मानेजवळचा पिकअप गोलसर, मऊ आवाज देतो. दांडीजवळचा धारदार आणि पातळ. मधला या दोघांच्या मध्ये. सुरुवातीच्या स्ट्रॅटला स्विचच्या तीनच जागा होत्या. वादकांच्या लक्षात आलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम चालू होतात आणि किंचित नाकात बोलल्यासारखा, सुटसुटीत आवाज येतो. तो इतका लोकप्रिय झाला की १९७७ पासून फेंडरने पाच जागांचा स्विचच द्यायला सुरुवात केली. एका बोटाच्या झटक्यात पाच आवाज.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, बेस आणि गायक असे सगळे एकाच वेळी वाजत असतात. गिटारचा आवाज जाडजूड असेल तर तो कीबोर्डमध्ये मिसळून हरवतो. स्ट्रॅटचा पातळ, स्वच्छ आवाज त्या गर्दीतूनही वाट काढतो. घरी एकट्याने वाजवताना जो आवाज ‘बारीक’ वाटतो, तोच स्टेजवर नेमका बसतो.

मग लेस पॉल का नाही?

स्ट्रॅटची खरी प्रतिस्पर्धी म्हणजे गिब्सन कंपनीची लेस पॉल. ही १९५२ ची, म्हणजे स्ट्रॅटहून दोन वर्षांनी मोठी. महोगनीचं जाड पोट, वर मेपलचा थर, आणि मान गोंदाने चिकटवलेली. आवाज भरदार आणि स्वर लांब टिकणारा. जिमी पेज आणि स्लॅश यांच्यामुळे रॉक ऐकणाऱ्यांना ती पाठ आहे. संथ, रडवणारा सोलो वाजवायचा असेल तर अनेक जण आजही लेस पॉलच घेतात, आणि त्यांचं चुकत नाही.

पण रोजच्या धंद्यात तीन अडचणी येतात.

पहिली, वजन. अनेक लेस पॉल चार किलोच्या पुढे जातात. स्ट्रॅट साधारण साडेतीनच्या आसपास असते. अर्धा किलोचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण पाठीवर गिटार, हातात प्रोसेसरची बॅग आणि जोगेश्वरीला संध्याकाळी सातची लोकल पकडायची असेल तर तो खांद्याला कळतो.

दुसरी, मोडतोड. लेस पॉलचं डोकं, म्हणजे खुंट्या असतात तो भाग, मागे झुकलेलं असतं. गिटार उताणी पडली की नेमका तिथेच तडा जायचा धोका असतो. स्ट्रॅटचं डोकं मानेच्या रेषेतच आहे. शिवाय तिची मान चार स्क्रूंनी बसवलेली असते. अगदीच बिघडली तर मान काढून दुसरी लावता येते. गोंदाने बसवलेल्या मानेचं काम मात्र कसलेल्या कारागिराकडेच न्यावं लागतं.

तिसरी, सूर. लेस पॉलच्या खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असतात, त्यामुळे मधल्या तारा वळण घेऊन जातात आणि कधी कधी तिथे अडकतात. स्ट्रॅटच्या सहाही खुंट्या एका बाजूला आणि तारा जवळपास सरळ.

स्ट्रॅटमध्येही खोट आहेच. ती लोखंडी दांडी दाबली की सगळे स्वर एकदम खाली जातात. ऐकायला मजा येते, पण ती दांडी ज्या ब्रिजला जोडलेली असते तो मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला असतो. कार्यक्रमात एक तार तुटली की तोल बिघडतो आणि उरलेल्या पाच ताराही बेसूर होतात. म्हणून अनेक स्टेज वादक स्प्रिंग घट्ट करून किंवा आत लाकडाचा तुकडा बसवून ब्रिज जागच्या जागी पक्का करतात. दांडीची हौस गेली तरी चालेल, कार्यक्रम पडता कामा नये.

मांडवातला तो ‘हंऽऽऽ’

स्ट्रॅटची सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. तिचे मूळ पिकअप ‘सिंगल कॉइल’ असतात, म्हणजे वेढ्यांचं एकच रीळ. ते तारेचा कंप टिपतं, तसाच आजूबाजूच्या विजेचा त्रासही टिपतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. मांडवात रोषणाईच्या माळा, डिमर, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर यांची गर्दी. गाणं थांबलं की स्पीकरमधून ‘हंऽऽऽ’ असा घोंगावणारा आवाज येतो. त्यात डिस्टॉर्शन लावलं की तोही मोठा होतो.

यावर गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ मध्येच उपाय शोधला होता. दोन रिळं शेजारी ठेवायची, पण त्यांची जोडणी आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट. तारेचा आवाज दोन्हींतून मिळून वाढतो आणि विजेची घरघर एकमेकांना मारते. या पिकअपचं नावच ‘हमबकर’, घरघर घालवणारा. १९५७ पासून तो लेस पॉलवर आला. त्याचा आवाज जाड आणि दमदार असतो, पण सिंगल कॉइलचा तो मोकळेपणा त्यात नसतो.

मग दोन्ही एकाच गिटारमध्ये का नकोत? सत्तरच्या दशकात एडी व्हॅन हेलनने हेच केलं. गिब्सनच्या गिटारमधला हमबकर काढून त्याने स्ट्रॅटच्या आकाराच्या बॉडीत दांडीजवळ बसवला. पुढे कंपन्यांनी ती कल्पना उचलली. आज दुकानात जिला ‘एचएसएस’ म्हणतात ती हीच रचना: दांडीजवळ एक हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल.

ऑर्केस्ट्रावाल्यासाठी ही रचना सोयीची आहे. लयीसाठी सिंगल कॉइल, रॉक सोलोसाठी हमबकर. आणि मधला पिकअप उलट्या जोडणीचा असेल तर दोन सिंगल कॉइल एकत्र लावल्यावरही घरघर कमी होते.

आकार एकच, कंपन्या अनेक

इतक्या हातांत हा आकार दिसण्याचं एक कारण कायद्यातही आहे. फेंडरने आपल्या गिटारच्या बॉडीचे आकार अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला होता. २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क अपील मंडळाने तो फेटाळला. इतकी वर्षं इतक्या कंपन्या हाच आकार बनवतायत, की तो आता कुणा एकाचा राहिलेला नाही, असा निकालाचा मथितार्थ.

म्हणून स्ट्रॅटचा हा साचा सगळीकडे पोहोचला. फेंडरचाच स्वस्त ब्रँड स्क्वायर, यामाहाची पॅसिफिका आणि बाकीचे कितीतरी. १९९१ च्या आधी आपल्याकडे परदेशी गिटार मिळवणं म्हणजे बाहेरून येणाऱ्या नातेवाइकाची किंवा जहाजावरच्या ओळखीच्या माणसाची वाट बघणं होतं. आज त्याच रचनेची गिटार साध्या नोकरदाराच्याही आवाक्यात आहे. सुटे भाग सगळीकडे मिळतात आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही ही गिटार पाठ असते.

आणि हिरो?

हाही भाग नाकारता येत नाही. गिब्सनने १९६१ मध्ये लेस पॉलचा मूळ आकार बंद केला होता. मग एरिक क्लॅप्टन, माइक ब्लूमफील्ड यांच्या हातात जुन्या लेस पॉल दिसू लागल्या, मागणी वाढली आणि १९६८ मध्ये कंपनीला तो आकार परत आणावा लागला. स्ट्रॅटसाठी हेच काम जिमी हेंड्रिक्सने केलं. आपल्याकडे मुंबईचे एहसान नूरानी, म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’चं संगीत देणाऱ्या शंकर-एहसान-लॉय या त्रिकुटातले गिटारिस्ट. त्यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर खुद्द फेंडरने काढली आहे. आपल्या शहरातल्या माणसाचं नाव गिटारवर दिसलं की नव्या पोराचा हात तिकडे जाणारच.

पहिली गिटार घेताय? मग एवढं करा

आज बहुतेक वादक गिटार प्रोसेसरमध्ये आणि तिथून थेट मिक्सरमध्ये लावतात. प्रोसेसर आवाज हवा तसा बदलतो. गिटारचं वजन, मान आणि घरघर मात्र त्याला बदलता येत नाही. म्हणून नावापेक्षा या गोष्टी तपासा.

• पट्टा लावून पंधरा मिनिटं उभ्याने वाजवा. खांदा काय म्हणतो ते ऐका.

• मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर ती गिटार ठेवून द्या.

• तारा दहा-बारा वेळा जोरात खेचा आणि ट्यूनर लावा. सूर उतरला तर कारण विचारा.

• ॲम्प्लिफायर लावून स्विचच्या पाचही जागा ऐका. न वाजवता किती घरघर येते तेही ऐका.

• सेटअपसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. तारा गंजतात आणि मानेचा बाक बदलतो. वर्षातून एकदा तरी गिटार जाणकाराला दाखवावी लागते.

हे सगळं तपासून तुम्हाला लेस पॉलच आवडली तर बिनधास्त घ्या. फक्त यूट्यूबवरच्या हिरोकडे बघून नको, रोज काय वाजवणार आहात ते बघून घ्या. घरातली साठवलेली रक्कम एकदाच खर्च होणार असते, आणि जी गिटार रोज हातात घ्यावीशी वाटते तिच्यावरच माणूस शिकतो.